सुखरामची फळी

सुखराम लंजे समुद्रात जाऊन फळीवर उभं राहायला शिकतो आहे, ही बातमी गावात पोचली तेव्हा लोक आधी पोट धरून हसले आणि मग त्याच्या डोक्याची काळजी करू लागले. त्यांचंही अगदीच चुकलं नाही. अर्जुनी-मोरगाव तालुक्यातल्या त्या गावात निम्म्या माणसांनी समुद्र टीव्हीवरच पाहिलेला. त्यांचं पाणी इटियाडोह धरणाचं, कालव्याने भाताच्या बांधीत येणारं. त्यातून सुखरामचं वय एक्कावन्न, रक्तात साखर निघालेली. अशा माणसाने लाटेवर स्वार व्हायचं म्हटल्यावर कोण हसणार नाही?

पण फळीवर उभं राहणं त्याला नवं नव्हतं, हे हसणारे सोयीस्कर विसरले होते. भाताच्या रोवणीच्या आधी बांधीत पाणी भरून चिखल करतात, आणि तो सपाट व्हावा म्हणून बैलांमागे एक लांब जड फळी ओढतात. फळीला वजन हवं म्हणून माणूस तिच्यावर उभा राहतो. खाली निसरडं, पुढे दोन बैल, हातात कासरा. हे काम सुखरामसारखं पंचक्रोशीत कोणाला जमत नसे. कासऱ्याचे दोन वेढे मनगटाला घ्यायचा, गुडघे थोडे वाकवायचा, आणि सगळी बांधी अशी सपाट करून सोडायचा की रोवणाऱ्या बायकाही वाखाणत. त्याचा मुलगा गुड्डू पाच वर्षांचा असताना फळीवर बापाच्या पायाशी बसायचा. वजन तेवढंच वाढायचं. दोन्ही हातांनी बापाची पोटरी घट्ट धरून तो ओरडायचा, "आनखी जोरात, बाबा." सुखराम बैलांना हाक द्यायचा आणि चिखल दोघांच्या तोंडावर उडायचा. आयुष्यात तो सुखी कधी होता असं कोणी विचारलं असतं, तर त्याने हेच सांगितलं असतं. पण असं कोणी विचारत नाही.

दोन हजार नऊ साली गावात चिखल करायला ट्रॅक्टर आला. बैल विकले. फळी बैलांच्या कोठ्याच्या भिंतीला टेकवून ठेवली. पुढच्या वर्षी मुलगी नूतनचं बाळंतपण निघालं, म्हणून बायको वच्छला दोन महिन्यांसाठी नागपूरला गेली. दोन महिन्यांची दोन वर्षं झाली. नूतन नोकरी करायची, बाळाला कोण पाहणार? सुखरामला हे पटत होतं. पटत होतं म्हणून तर राग कोणावर काढावा ते कळत नव्हतं. गुड्डू बारावी करून निघाला तो आचारी होत होत कर्नाटकातल्या एका किनाऱ्यावरच्या हॉटेलात लागला. घरात सुखराम, एक चूल, आणि रिकामा कोठा. सकाळी उठल्यावर पहिलं वाक्य दुपारी दुकानदाराशी बोलायचा, तेही "बिडी नको, सोडली" एवढंच. त्याला माणसांची भूक लागली होती, आणि ती भात शिजवून भागत नव्हती.

दोन हजार बाराच्या मार्चमध्ये तीन गाड्या बदलून तो गुड्डूकडे गेला. दहा दिवस राहिला आणि दहा दिवसांत त्याला मुलगा तुकड्या-तुकड्यांत भेटला. पहाटे अंघोळीला जाताना, दुपारी ताट ठेवताना. "बाबा, जेवले का? बसा, आलोच." तो आलोच काही यायचा नाही. स्वयंपाकघरात पाहुण्यांची झुंबड, गुड्डूचा तरी काय दोष? सुखराम मग वाळूत जाऊन बसायचा. तिथे त्याने पहिल्यांदा पाहिलं, की माणसं फळीवर पालथी पडून हाताने पाणी मारत आत जातात, लाट आली की झटक्यात उभी राहतात आणि लाट त्यांना काठाकडे घेऊन येते. बैल नाही, कासरा नाही. ओढणारं पाणीच.

चार दिवस पाहिल्यावर तो त्या माणसांना शिकवणाऱ्या बाईपुढे जाऊन उभा राहिला. ही मद्रासकडची, काळी-सावळी, खणखणीत आवाजाची, मोडकी हिंदी बोलणारी. तिने विचारलं, पोहता येतं का? येतं. काही आजार? "नाही," सुखराम म्हणाला आणि खिशातली साखरेवरची गोळी आणखी खाली ढकलली. तिने त्याच्या नाकाला आणि गालाला पांढरा मलम फासला, लांब बाह्यांचा सदरा दिला, पाणी पाजलं आणि सांगितलं, छातीच्या वर पाण्यात जायचं नाही. मग फळीला बांधलेला दोर त्याच्या घोट्याला अडकवला.

इथे सुखरामचं डोकं फिरलं. पायाला दोर ढोराच्या बांधतात, तेही चुकार ढोराच्या. माणसाने दोर हातात धरायचा असतो. चाळीस वर्षं त्याने हेच केलं होतं. बाई दुसऱ्या शिकाऊ माणसाकडे वळली तशी त्याने घोट्याचा पट्टा सोडला आणि दोराचे दोन वेढे उजव्या मनगटाला घेतले, अगदी कासऱ्यासारखे. हातात दोर आला आणि त्याला फार बरं वाटलं. पहिली लाट आली. बैल हिसका देतात, पण हिसका देऊन थांबतात. लाट थांबली नाही. फळी पुढे, सुखराम मागे, आणि मधे त्याचा हात. खांदा निखळल्याचा आवाज त्याने स्वतः ऐकला.

गुड्डू धावत आला तेव्हा त्याच्या हातांना पीठ होतं. दवाखान्यात खांदा बसवला, पट्टी बांधली, रक्त तपासलं आणि साखरेचं बिंग फुटलं. तो दिवसभर बापाजवळ बसला, हाताने भात भरवला. दहा दिवसांत हा एकच दिवस असा होता. सुखरामला वेदनेने घाम फुटला होता आणि तरी वाटत होतं की संध्याकाळ होऊ नये. हे त्याने पुढे कधीही कोणाला सांगितलं नाही.

"कायले गेले तुमी पान्यात?" गुड्डूने विचारलं.

"तू लहान होता तवा फळीवर बसायचा. आठवते का?"

"नाही," गुड्डू म्हणाला. मग बापाचं तोंड पाहून म्हणाला, "थोडंसं आठवते."

त्याला आठवत नव्हतं, हे सुखरामला कळलं. परतीच्या गाडीत बसल्यावर हाच काटा त्याच्या मनात सलत राहिला. ज्या दिवसांवर तो एकटा घरात जगत होता, ते दिवस मुलाकडे नव्हतेच. मग त्याने ठरवलं, की गुड्डूने आपल्याला फळीवर उभं असलेलं एकदा, फक्त एकदा, मोठ्या वयात पाहावं. ते तरी त्याच्या लक्षात राहील.

फोनवर गुड्डू काही केल्या ऐकेना. शेवटी वैतागून म्हणाला, "साखर काबूत आली असा डॉक्टरचा कागद आना. खांदा धड झाला असा दुसरा कागद आना. दोर पायाले बांधसाल. अन् मी काठावर उभा असन तवाच पान्यात जासाल. नीट उभं राहता आलं की मंग तुमचे तुमी जा, मी काही म्हनत नाही."

त्याला वाटलं, बाप गप्प बसेल. बापाने कंबर कसली.

वर्षभर सुखराम सकाळी कालव्याच्या काठाने दोन कोस चालला. भाताचं ताट अर्ध्यावर आणलं. खांद्याचे व्यायाम डॉक्टरने सांगितले तसे, भिंतीला बोटं लावून, इंच-इंच वर. खांदा भरून आल्यावर इटियाडोहच्या उथळ काठाला पोहायला जाऊ लागला, पण एकटा नाही. टिकाराम ढिवर जाळं टाकायला डोंगा घेऊन निघे, त्याच्या नजरेच्या टप्प्यातच. कोठ्यातली फळी त्याने पाण्याकाठी नेली आणि जनावराचं दावं तिला बांधून दुसरं टोक आपल्या घोट्याला बांधलं. फळी त्याच्या वजनाने बुडायची, उभं राहण्याचा प्रश्नच नव्हता. उभं राहणं तो घरी कोठ्यात, जमिनीवर शिकत होता. इथे तो पडणं शिकत होता. बाईने सांगितलं होतं, पाय खाली रोवून उडी मारायची नाही, डोक्यावरही पडायचं नाही. खाली किती पाणी आहे ते कळत नाही. अंग आडवं टाकायचं आणि दोन्ही हात डोक्यावर घ्यायचे.

टिकाराम डोंग्यातून पाहत राहायचा.

"काय करून राहिला, सुखराम?"

"पडून राहिलो."

"ते दिसते. पन काऊन?"

सुखरामने पुन्हा अंग आडवं टाकलं. टिकारामने गावात जाऊन सांगितलं, आणि हसणाऱ्यांना नवीन खाद्य मिळालं. वच्छलाने नागपूरहून फोन केला, "लोकं काय म्हनून राहिले, मी आयकून राहिली. तिकडं एकटे वेडे झाले का?" तो म्हणाला, "तू येऊन पाय." ती म्हणाली, बाळाला ताप आहे. फोन ठेवून तो भिंतीला बोटं लावून खांद्याचा व्यायाम करू लागला.

तेराच्या मार्चमध्ये दोन्ही कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून तो पोचला. गुड्डूने कागद उलटसुलट करून पाहिले. हसू आवरत नव्हतं त्याला. मग शब्दाला जागून रोज सकाळी न्याहारीची गर्दी ओसरली की साडेनऊला तो अर्धा तास काठावर यायला लागला. येताना केळी आणि लोटाभर पाणी आणायचा. "आधी खा. रिकाम्या पोटी जासाल नोको." बाप केळं खायचा, मुलगा त्याच्या नाकाला मलम लावायचा आणि घोट्याचा पट्टा दोनदा ओढून पाहायचा. मग पँट गुडघ्यापर्यंत वर करून पाण्याच्या कडेला उभा राहायचा. सुखराम पडायचा, उठायचा, पुन्हा पडायचा. परत आला की दोघं वाळूत बसायचे आणि गुड्डू बोलायचा. मालक कसा आहे, पगार वेळेवर होतो की नाही, एक मुलगी आवडते पण ती ख्रिश्चन आहे. हे सगळं सुखरामला नवीन होतं. आपला मुलगा इतका बोलतो हेच त्याला माहीत नव्हतं.

पाचव्या दिवशी गुड्डूला मधेच हॉटेलातून हाक आली. त्याने लांबून हात केला, बाहेर या. सुखराम फळी वळवतच होता, तेवढ्यात मागून लाट उचलली गेली. त्याने विचार केला नाही. पाय आपोआप फळीवर आले, गुडघे वाकले, आणि तो उभा होता. हातात काही नव्हतं. पाणी त्याला ओढत होतं आणि चाळीस वर्षांची ती जुनी ओढ पायांना लगेच कळली. उजव्या पोटरीला कोणीतरी धरलं आहे असं त्याला वाटलं, इतकं खरं की त्याने खाली पाहिलं. मग काठाकडे पाहिलं. गुड्डूची पाठ हॉटेलच्या फाटकातून आत जात होती.

शिकवणारी बाई तेवढी टाळ्या वाजवत होती. "अंकल, खडा हो गया. अब सीख गया."

दुपारी ताट ठेवताना गुड्डूने विचारलं, "मी गेल्यावर काय झालं? जमलं का?"

सुखरामने वर्षभर याच प्रश्नाची वाट पाहिली होती. तोंड उघडलंही. आणि मग त्याला साडेनऊची वेळ आठवली, केळी आठवली, ती ख्रिश्चन मुलगी आठवली, जिचं नावही अजून कळलं नव्हतं. गुड्डू फोनवर म्हणाला होता, नीट उभं राहता आलं की मंग तुमचे तुमी जा.

"नाही रे," तो म्हणाला, "पडलोच."

दुसऱ्या दिवशी गुड्डू काठावर उभा होता, उन्हासाठी कपाळावर हात धरून. लाट कालच्यापेक्षा चांगली आली. सुखरामचे पाय फळीवर आले, गुडघे सरळ होऊ लागले, अर्ध्यावर अंग तोललंही गेलं. अजून एक क्षण, आणि मुलाने त्याला उभा पाहिला असता. सुखरामने अंग आडवं टाकलं आणि दोन्ही हात डोक्यावर घेतले, शिकवलं होतं तसं. वर आला तेव्हा बाई त्याच्याकडे टक लावून पाहत होती.

काठावरून गुड्डूचा आवाज आला, "जाऊ द्या, बाबा. उद्या पाहू. मी येतो ना."

सुखरामने घोट्याचा दोर चाचपून पाहिला आणि फळी पुन्हा आत वळवली.