चारचा भोंगा

ऊस गाळणाऱ्या कारखान्याचा आवाज दुरून ऐकला तर तो आवाज वाटतच नाही. हवेचाच एखादा जाड थर वाटतो. कार्तिकातल्या कोरड्या दुपारी, ज्वारी गुडघाभर आलेली असताना, पश्चिमेकडून तो थर हळूहळू तलवाड्यावर यायचा, आणि मळीचा आंबूस-गोड वास त्यात असा कालवलेला असायचा की नाकाने ऐकतो आहोत की कानाने हुंगतो आहोत याचा निवाडा करणं अवघड. मी या गावच्या सेवा सहकारी सोसायटीचा गटसचिव. उभी नोकरी या आवाजाच्या सावलीत काढली, आणि खरं सांगतो, एकदाही तो लक्ष देऊन ऐकला नाही. ज्या वर्षी तो आलाच नाही, त्या वर्षी मात्र मी दुपारची झोप मोडून अंगणात उभा राहिलो आणि काय हरवलं आहे ते शोधू लागलो.

पाऊस सलग दोन वर्षं फिरकला नव्हता. ऊस जागेवर वाळला, जो हिरवा उरला तो जनावरांच्या छावणीत चारा म्हणून गेला, तोडीची माणसं नेहमीसारखी गाड्या भरून दूरच्या कारखान्यांकडे निघून गेली, आणि आमच्या कारखान्याने गाळप घ्यायचं नाही असं ठरवलं. बॉयलर पेटवण्याचा सोहळा मात्र झाला! गाळायला ऊस नसला म्हणून काय झालं, फेटे होते, शाली होत्या, नारळ होते आणि बोलणारी तोंडं तर दुष्काळातही सुकत नाहीत. बॉयलर दुसऱ्या दिवशी गार झाला. भाषणं पुढे आठवडाभर कोमट होती.

अशा वर्षात एक संगीताचा बँड जन्माला यावा, आणि तोही बीड जिल्ह्यात, हे मला आजही थोडं खोटंच वाटतं. पण मी साक्षीदार आहे, कारण गोदामाची किल्ली माझ्याकडे होती.

परमेश्वर हा विहिरीवरच्या जळालेल्या मोटारींत नवी तार भरून देणारा. विहिरीला पाणी नाही तर मोटार चालणार कशी, आणि चाललीच नाही तर जळणार कशी? त्यामुळे हा गडी दुकानात माश्या मारत बसलेला. त्याचा मित्र सादिक लग्नाच्या वरातीला साउंड लावायचा. त्या दोन वर्षांत लग्नं मंदिराच्या ओट्यावर, दहा माणसांत उरकू लागली होती. तिसरी सुनंदा. तिच्या घरी शेळ्या-मेंढ्या, आणि ही गेवराईला संगणकाच्या क्लासमध्ये शिकवणारी. क्लासात संगणक बारा आणि विद्यार्थी तीन. तिघांच्याही हातातल्या कसबाला दुष्काळाने सक्तीची सुट्टी दिली होती. रिकामं कसब फार काळ स्वस्थ बसत नाही.

एक दिवस परमेश्वर सोसायटीत आला आणि खताच्या रिकाम्या गोदामाची किल्ली मागू लागला.

"कावून?" मी विचारलं.

"काका, बँड काढायचाय. सुनंदानं मोबाइलवर ऐकवलं. तिकडं परदेशात कारखान्यांच्या गावची पोरं हायती, यंत्राच्या आवाजाचं संगीत करत्यात. त्यांचे कारखाने बंद पडले अन् मग त्यांनी हे सुरू केलं."

"मग?"

"मग काय? आपला आत्ताच बंद पडलाय. लई उशीर न्हाई झाला."

मी किल्ली दिली. नियमाप्रमाणे अर्ज घेतला, अर्जावर 'सांस्कृतिक कार्य' असं कारण लिहिलं आणि पुढचे काही महिने त्या दोन शब्दांचा अर्थ शोधत राहिलो.

ते संगीत म्हणजे काय होतं ते तुम्हाला कसं सांगू? बोअर पाडणाऱ्या गाडीचा ठोका, टँकरच्या तोटीखाली रिकाम्या हंड्यांची खणखण, लोखंड कापणाऱ्या ग्राइंडरची किंकाळी, आणि या सगळ्याखाली सुनंदाने संगणकातून काढलेली एक काळीशार, न थांबणारी घरघर. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी उठून पंख्याकडे पाहिलं. पण हळूहळू कानाला वळण लागलं. बासरीने पाणी आठवतं, सनईने मंगल आठवतं. आणि आमच्या रोजच्या जगण्यातले जे खरे स्वर, त्यांना कुणी गाण्यात का घेऊ नये? ज्या ठोक्यावर अख्ख्या गल्लीचा श्वास अडकतो, पाणी लागतं की नुसता धुरळा उडतो म्हणून, तो ठोका कुठल्या मृदंगापेक्षा कमी आहे?

बँडचं नाव 'चिपाड'. रस काढून घेतल्यावर उसाचं जे उरतं ते. नाव परमेश्वरने ठेवलं आणि कुणीही त्याला अर्थ विचारला नाही, इतका तो गावाला ठाऊक होता.

त्यांची कारकीर्द थोर गायकांच्या चरित्रासारखी क्रमाने सांगता येत नाही, कारण ती वीज मंडळाच्या वेळापत्रकाने पुढे सरकली. ज्या आठवड्यात दिवसा वीज, त्या आठवड्यात तालीम दुपारी. पहिला संग्रह 'सहाशे फूट', कोरड्या निघालेल्या बोअरची खोली. तो दुकानात विकायला आला नाही. मोबाइलच्या कार्डात गाणी भरून देणाऱ्या टपरीवाल्याने भक्तिगीतं आणि लावण्यांच्या मध्ये तो गुपचूप घुसवला, आणि तालुक्यातली कितीतरी माणसं अभंग संपल्यावर दचकली. अशा संगीताला 'अंडरग्राउंड' म्हणतात, असं सुनंदाने मला सांगितलं. मी म्हटलं, बाई, आपल्याकडे जमिनीखाली शोधण्यासारखी एकच वस्तू आहे, तुम्ही दुसरी कशाला काढता? ती हसली नाही. कलावंत आपल्या कलेच्या बाबतीत फार गंभीर असतात. हा एक दोष सगळ्या जगात सारखा आहे.

उमापूरच्या एका गृहस्थाने तर 'बँड' एवढाच शब्द ऐकून मुलाच्या लग्नाला बोलावणं धाडलं. फोनवर त्याचा पहिला प्रश्न, "घोडं तुमचं का आमचं?"

"घोडं तुमचं," सादिक म्हणाला, "लाथ आमची."

दहा मिनिटं वाजलं. मग नवऱ्याच्या मामाने हात जोडले. पण मंडपाच्या कडेला काही लेकुरवाळ्या बाया पदर तोंडाला लावून हसत होत्या आणि त्यातली एक म्हणाली, "आगं, ह्यो तर आपल्या टँकरचा आवाज हाय!" त्या एका वाक्यावर परमेश्वर महिनाभर जगला. मोठमोठ्या सभांमधल्या सत्कारांनी माणूस इतका काळ टिकत नाही.

आता नानांकडे येतो. नाना म्हणजे परमेश्वरचे वडील, कारखान्यात मिलवरचे फिटर. फिटरचं अवजार म्हणजे कान. लोखंडी सळईचं एक टोक फिरत्या बेअरिंगच्या घरावर टेकवायचं, दुसरं कानाशी धरायचं, आणि आत काय बिघडतंय ते ओळखायचं; वैद्य नाडी पाहतो तसं. गाळप बंद झाल्यापासून नाना घरी होते. मुलाच्या या उद्योगाबद्दल त्यांचं मत एका वाक्याचं होतं, आणि ते त्यांनी मला पारावर ऐकवलं होतं: "बिघडलेलं यंत्र नीट करत्यात सायब, त्याचं गाणं न्हाई करत." बापलेक एका ताटात जेवत, पण गोदामात नाना कधी आले नव्हते. परमेश्वर ते बोलून दाखवायचा नाही. पण त्या एका कानाखेरीज दुसऱ्या कुणाच्या कानाची त्याला फारशी पर्वा नव्हती.

दुसऱ्या वर्षीही कारखाना बंदच राहिला. त्या दिवाळीच्या सुमाराला परमेश्वरने सगळ्यात मोठी रचना बांधली. शेवटच्या हंगामात, दुकान ओस पडल्यावर, त्याने कारखान्यात उमेदवारी करताना मोबाइलवर काही आवाज धरून ठेवले होते: मिलची घरघर, आणि दुसऱ्या पाळीचा, दुपारी चारचा भोंगा. सुनंदाच्या संगणकात त्याची एकच प्रत. त्या भोंग्यावर सगळी रचना उभी, जसं खांबांवर घराचं मातीचं माळवद उभं राहतं. तालमीच्या दिवशी वीज साडेतीनला आली. पत्र्याच्या गोदामात भोंग्याचा आवाज फाटतोय असं सादिकला वाटलं. कारागीर माणूस, त्याने वरातीचे दोन मोठे कर्णे उचलले आणि दाराबाहेर, मोकळ्या रानाकडे तोंड करून लावले. आवाज सुंदर निघाला. अगदी खरा निघाला! घड्याळाकडे आमच्यापैकी कुणीच पाहिलं नाही. चार वाजले होते.

तुम्ही म्हणाल, बंद कारखान्याचा भोंगा ऐकून कोण उठणार? पण जी माणसं दोन हंगाम कान टवकारून बसली आहेत, त्यांना खरं-खोटं करायला सवड कुठली? आणि भोंगा झाल्यावर विचार करायचा नसतो, निघायचं असतं; तीस वर्षं अंगात मुरलेली ही शिस्त. पंधरा-वीस माणसं निघाली. एकाने ट्रॅक्टर काढला. गेटवर भज्यांचा गाडा लावणाऱ्याने कढई उचलली. तीन किलोमीटरवर गेटला कुलूप, रखवालदार उठून बसला आणि म्हणाला, "भोंगा? आरं भोंग्याची दोरीसुद्धा उंदरानं खाल्लीय." तेवढ्यात तलवाड्याकडून तोच भोंगा पुन्हा आला, कारण रचनेत तो तीनदा होता आणि तालमीत रचना पुन्हा पुन्हा वाजत होती. माणसं वळली आणि आवाजाचा माग काढत गोदामाशी आली.

पुढे नाना होते. अंगावर धुतलेली खाकी, इस्त्रीच्या घडीसकट. सायकलच्या दांडीला जेवणाचा डबा.

"बंद कर बे ते!" मागून कुणीतरी ओरडलं. "चेष्टा करतो व्हय आमची?"

"लेकरायला सांगून निघालो, पगार सुरू झाला म्हणून! आता कोणत्या तोंडानं घरी जाऊ?"

"पुसून टाक. आत्ताच्या आत्ता पुस. न्हाईतर गोदामाला कुलूप लावतो बघ आमी."

सादिकने आवाज बंद केला. परमेश्वर वडिलांच्या कपड्यांकडे पाहत होता. त्या घडीकडे पाहत होता. मी त्या गर्दीचा सचिव, चार शब्द बोलणं माझं काम. मी गोदामाची किल्ली तेवढी खिशात घातली.

"पुसतो," परमेश्वर म्हणाला. "भोंगाबी पुसतो अन् बँडबी बंद करतो. आजपासून चिपाड न्हाई." आणि सुनंदाला म्हणाला, "काढ ते."

सुनंदाने त्याच्याकडे पाहिलं. "एकच प्रत हाय, परमेश्वर. पुसली की जगात कुठंच न्हाई."

"काढ म्हणलं ना."

तिने हात पुढे केला. तेव्हा नाना आत आले. गोदामात पहिल्यांदा. खताच्या रिकाम्या पोत्यांची थप्पी होती तिच्यावर बसले आणि म्हणाले, "थांब पोरी. मला ऐकू दे आधी. सगळं लाव."

सगळं लावलं. बावीस मिनिटं. बाहेरची माणसं कुरकुरत दारात आली, मग आत आली, मग पोत्यांवर, जमिनीवर जागा मिळेल तिथे टेकली. नाना उठले आणि स्पीकरच्या खोक्यावर तळहात ठेवून उभे राहिले. डोळे मिटलेले. मिलची घरघर आली तशी त्यांची मान किंचित वाकडी झाली.

"दोन नंबरची मिल," ते म्हणाले. "हे बेअरिंग बोलतंय. ऐकलं का? कट्-कट्. हे तवाच गेलतं. मी लिहून दिलतं सायबाला."

"मग सायब काय म्हणले?" गर्दीतून कुणीतरी विचारलं.

"म्हणले, तुमाला भास होतोय."

हशा उठला. तो कडवट नव्हता. ट्रॅक्टरवाला म्हणाला, थांबा, ही तर साखर भरायच्या यंत्राची खडखड. दुसरा म्हणाला, न्हाई बे, ती बाजूची क्रेन. आणि भज्यांच्या गाड्यावाल्याने आपलीही हरकत नोंदवली की एवढं सगळं धरलं अन् गेटवरची गर्दी कशी न्हाई धरली? ज्या संगीतावर पुढे पुण्याच्या एका विद्वानाने चार पानं लिहिली, त्याचं इतकं अचूक परीक्षण मी नंतर वाचलं नाही.

संपल्यावर सगळ्यांनी नानांकडे पाहिलं. सर्वांत जास्त फसले होते ते, निवाडा त्यांचाच. नानांनी खोक्यावरचा हात काढला, खाकीला पुसला.

"पुसायचं न्हाई," ते म्हणाले. "पण वाजवायच्या आधी सांगत जा. माणूस उगाच निघतो घरून."

'चिपाड'चा तो एकमेव नियम. पुढे जिथे जिथे कार्यक्रम झाला तिथे आधी सूचना. गावात असेल तर रिक्षातून दवंडी. आणि सूचना नानांनीच द्यायची, कारण त्यांच्या तोंडून आलेलं माणसं खरं मानतात. बीडच्या एका महाविद्यालयात प्राचार्यांनी ग्रामीण प्रतिभेवर पाऊण तास भाषण केलं; नंतर नानांनी आपलं अर्ध्या मिनिटात उरकलं आणि टाळ्या त्यांना जास्त पडल्या.

बँड रीतसर कधी संपला नाही. पावसाची दोन बरी वर्षं आली, मोटारी पुन्हा जळू लागल्या, लग्नं पुन्हा वाजू लागली, सुनंदाला शहरात नोकरी लागली. सुबत्तेने दुष्काळापेक्षा जास्त कलावंत संपवले असतील. पण मला जो दिवस आठवतो तो त्याआधीचा, पुण्याचा.

एका इमारतीच्या तळघरात, रविवारी दुपारी कार्यक्रम होता. काळे सदरे घातलेली, कानात कड्या घातलेली शे-दीडशे पोरं. यातल्या कुणाचा बाप कारखान्यात पाळीवर जात असेल असं वाटत नव्हतं. मी नानांना हळूच म्हटलं, इथे सूचना नसली तरी चालेल. नानांनी माझ्याकडे असं पाहिलं की मीच वाट मोकळी करून दिली. धोतर-टोपीतले नाना माइकपुढे गेले.

"मंडळी, आता भोंगा वाजंल. कुणी उठू नका. कारखाना बंद हाय."

पोरांना तो कार्यक्रमाचाच भाग वाटला. त्यांनी शिट्ट्या वाजवल्या, टाळ्या पिटल्या. मग दिवे मंदावले आणि त्या तळघरात, जिथे ऊस कधी आला नव्हता, तिथे आमचा भोंगा उठला. लांब, जाड, हवेचा थर होऊन. पोरं जमिनीवर मांडी घालून बसली होती. सांगितल्याप्रमाणे कुणी उठलं नाही.

माझ्या शेजारी खुर्चीत येऊन बसलेले नाना मात्र उभे राहिले होते. मी त्यांच्या बाहीला हात लावला. त्यांना ते कळलं नसावं. परमेश्वरने यंत्रापाशी मान वर केली, वडिलांना पाहिलं, आणि भोंगा जिथे तोडायचा ठरला होता तिथे तोडला नाही. त्याने तो पुरा वाजू दिला. तेवढा वेळ नाना सरळ उभे होते, पाळीवर हजर झालेल्या माणसासारखे.