कुरकुरणारं दार

आमच्या मुलुंडच्या सोसायटीत दारं-खिडक्यांच्या कड्या, बिजागऱ्या दुरुस्त करायला एक मालवणी काका येत. कुठेही शिरताना आधी दार हलवून कान देत आणि कुरकुर ऐकली की न सांगता तेल सोडत.

वडिलांना विस्मरणाचा आजार जडला, ते एकटेच बाहेर भटकू लागले. त्यांच्या खोलीला बाहेरून कडी बसवायला मी काकांना बोलावलं.

"भायरसून? आत माणूस आसा ना रे?"

काकांनी कडी पिशवीत परत टाकली, बिजागरीतलं तेल पुसून काढलं आणि ती जराशी वाकवली. दार कर्कश कुरकुरलं.

"आता म्हातारो उठलो की तुका कळतला. मगे तूय ऊठ."

दार कुरकुरायचं. मी चपला घालायचो आणि आम्ही दोघे भटकायला निघायचो.