हिराजीनानांची चिमणी

अत्यंत गंभीर आणि व्यापक जनहिताचे निवेदन! सानपाड्यात राहणारा, रबाळ्याच्या एका कंपनीत स्टोअर्स सांभाळणारा आणि सोसायटीच्या गणपतीत दरवर्षी यमाचं काम करणारा मी, प्रधान, आयुष्यात एकदाच शंभर टक्के खरं बोललो आणि नेमका तेव्हाच माझ्यावर कुणी विश्वास ठेवला नाही. सबब हे लिखाण. उभं राहायची गरज नाही, बसूनच वाचा. मीही बसूनच लिहितोय, कारण हा किस्सा सांगून सांगून मी अक्षरशः थकलोय.

भुताखेतांवर माझा विश्वास नाही, कधीच नव्हता. सोसायटीच्या गच्चीवर मी ज्या भुतांच्या गोष्टी सांगतो, ती भुतं मी स्वतः घरी बनवतो. स्वतः बनवलेल्याची भीती कशी वाटणार? पण ही गोष्ट मी बनवलेली नाही... आणि हीच तर अडचण आहे.

दिवाळे गावच्या कोळीवाड्यातून हिराजीनानांच्या होडीने मी आणि शेजारचा साळुंखे रविवारी गळ टाकायला जातो. साळुंखे मूळचा साताऱ्याचा, एपीएमसीत कांद्याचा व्यापारी. त्याला पोहता येत नाही, मासे आवडत नाहीत आणि होडी हमखास लागते. मग येतोस कशाला, विचारलं तर म्हणतो, "घरी पाहुणे असत्यात."

नाना पंच्याहत्तरीच्या पुढचे. डोळे गेल्यात जमा – जवळचं धुरकट, लांबचं काहीच नाही. म्हणून गेली काही वर्षं होडी त्यांची मुलगी वनिता चालवते. आठवडाभर शाळेच्या मुलांची व्हॅन, रविवारी आमची वरात. तिला कधीही पाहा, नुकतीच जड पाटी खाली ठेवून उभी आहे असं वाटतं. त्यात नाना कुणाला न सांगता एकटेच होडी काढायचे. मागे एकदा ओहोटीत खाडीच्या चिखलात रुतले आणि दिवसभर उन्हात बसून राहिले. तेव्हा वनिताने ठरवलं, होडी विकायची. होडीच नसेल तर नाना जातील कशात?

त्या रविवारी ऑक्टोबरचं ऊन सकाळीच डोक्यात जात होतं. जेटीवर पोचलो तर बापलेकीची जुंपलेली.

"भाऊ, आज तुमी साक्षीला," वनिता मला म्हणाली. "नाना बोलतान, फोनबिन नको, मीच तुला खडपावर नेतो. नेलं तर होडी ऱ्हाईल. नाय नेलं तर संध्याकाली करंजा बंदराचा मानूस येतंय होडी बगायला, त्याला देऊन टाकनार."

खडप म्हणजे पाण्याखालचा खडक. आमच्या खाडीबाहेर तळाला सगळीकडे चिखल, मधेच कुठेतरी हा एवढासा खडक, आणि मोठे मासे नेमके त्याच्याच आसऱ्याला. वरून काही दिसत नाही. वनिता फोनवरच्या नकाशाने जाते. नाना जुन्या पद्धतीने जायचे, किनाऱ्यावरच्या दोन खुणा एका रेषेत जुळवून.

"त्या फोनमदली बाई नको मना," नाना म्हणाले. "फकस्त डोले पायजेत. परधान, तुजे दे."

मला वाटलं, वनिता भांडेल. डोळे उसने घेणं म्हणजे कॉपीच की! पण ती लगेच म्हणाली, "घ्या त्यांचे. माजी ना नाय." इतक्या पटकन म्हणाली की मला तेव्हाच खटकायला हवं होतं.

निघालो. खाडी मागे पडली, समुद्रावरच्या त्या लांबलचक पुलाखालून गेलो आणि उघड्या पाण्यावर आलो. वारा नाही. पाणी तेल ओतल्यासारखं जड. साळुंखे कडेला डोकं टेकून निपचित. वनिता इंजिनजवळ, नाना पुढे, आणि मी नानांच्या शेजारी – पडदा उघडायची वाट बघत असल्यासारखा.

"उरनकडच्या डोंगराला खाच हाय. दिसतंय?"

"दिसतेय नाना."

"तिच्या खाली बग. चिमनी दिसतेय का?"

साळुंखेने कष्टाने डोकं उचललं. "चिमणी? आवं, हितं समुद्रात चिमणी कुठनं यायची? कावळा चालंल का?"

"कारखान्याची चिमणी रे बाबा! झोप तू."

मी कपाळावर हात धरून बघायला लागलो. धुरकट किनारा, टॉवरच टॉवर, मधे क्रेन. आणि मग... दिसली. विटांची, उंच, सडसडीत. रंग उन्हात विटलेला. वरच्या तोंडाशी काळपट कडं, आणि त्या कड्यावर एक झुडूप उगवलेलं, एका बाजूला झुकलेलं.

आता असं काही दिसल्यावर माझ्यासारखा माणूस गप्प बसेल का? मी उभा राहिलो, हात पसरला आणि गणपतीतल्या आवाजात ललकारलो, "नानाऽऽ! दिसली! चिमणी, आणि तिच्या डोक्यावर हिरवा तुरा!"

मागे इंजिनाने एक आचका दिला.

"भाऊ," वनिताचा आवाज एकदम खाली गेला, "नाटक करू नका. आज तरी नको."

"अगं नाटक कसलं? आईशपथ दिसतेय!"

"खाचेत बसली काय?" नाना विचारत होते. त्यांची मान माझ्याकडे नव्हती, डोंगराकडेही नव्हती. नुसते कान लावून बसलेले.

"नाही, अजून डावीकडे आहे... थोडं पुढे... थोडं... बसली! बरोबर मधोमध!"

"आता तिला हलू देव नुको. तशीच सरल चल गो बाय."

वनिता तशीच सरळ निघाली. नानांनी शिसं बांधलेली दोरी पाण्यात सोडली. शिसं तळाला टेकायचं, नाना दोरी चाचपायचे आणि म्हणायचे, "चिखल." पुन्हा सोडायची, पुन्हा "चिखल." मी चिमणीवरची नजर काढली नाही. डोळ्यांतून पाणी यायला लागलं, घाम पापण्यांवर आला, तरी नाही. म्हातारा दर वेळी "चिखल" म्हणताना थोडा वाकत होता. त्याच्यासाठी मला ती चिमणी खाचेतून हलू द्यायची नव्हती.

आणि मग एका खेपेला नानांनी दोरी दोनदा चाचपली. त्यांनी दोरी वनिताच्या हातात दिली. तिने एकदा वर ओढून सोडली. ठक्. पुन्हा ठक्.

"टाक नांगर," नाना म्हणाले.

तिने आधी फोन काढून चालू केला. आम्ही खडपाच्या बरोबर डोक्यावर होतो. मग तिने नांगर टाकला.

पहिल्याच गळाला चांगला दणकट हेकरू लागला. नाना लहान पोरासारखे हसत होते, माशाला शिव्या देत होते, साळुंखेला म्हणत होते, "ऊठ रं कांदेवाल्या, बग तुजी चिमनी!" मी माझ्या डोळ्यांबद्दल कौतुकाचे चार शब्द येतील म्हणून वाट बघत होतो. वनिता येऊन शेजारी बसली आणि हळूच म्हणाली, "तुरा कुनी सांगितला तुमाला?"

"कुणी कशाला सांगेल? दिसला."

"आता बगा."

मी बघितलं. खाच होती. खाली निळ्या काचांचा टॉवर होता, क्रेन होती. चिमणी नव्हती. मी जागा बदलली, चष्मा पुसला, पुन्हा घातला. नव्हती.

"ती चिमनी पाडली, भाऊ. मागच्या उन्हाल्यात. मी सोता बगितली पडताना."

"मग... नानांनी मला वर्णन केलं असेल आधी कधीतरी. माझ्या डोक्यात राहिलं असेल."

"झुडूप कारखाना बंद पडल्यावर आलं. तवा नानांचे डोले गेल्ते. त्यांना झुडूप म्हाईत नाय, पाडल्याचं बी म्हाईत नाय. मी सांगितलंच नाय." तिने पदराने तोंड पुसलं. "म्हनून तर बोल्ली, घ्या त्यांचे डोले. नसलेली चिमनी कुनाला दिसनार? मना वाटलं, आज सुटले मी."

माझ्या अंगावर त्या उन्हात काटा आला. मी चष्मा काढून पुन्हा पुसायला लागलो.

"काय कुजबुज चाललीय?" नाना ओरडले.

"काय नाय नाना," वनिता म्हणाली. "भाऊंना ऊन लागलंय."

त्यानंतर मला मिळालेली स्पष्टीकरणं ऐका. सोसायटीतले निवृत्त इंजिनिअर म्हणाले, मृगजळ. ठीक आहे, पण मृगजळात जे असतं तेच दिसतं ना, पाडलेलं कसं दिसेल? बायको म्हणाली, क्रेन असेल. क्रेन पिवळी असते आणि तिच्यावर झुडूप उगवत नाही. साळुंखे म्हणतो, "लका, तू बोलायला लागलास की मलापण दिसतंय सगळं." वनिताने नंतर जुना फोटो दाखवला. झुडूप त्याच बाजूला झुकलेलं. मी त्या किनाऱ्याकडे आधी कधी लक्ष दिलं होतं का? आठवत नाही. पूर्वी कधी ओझरतं पाहिलं असेन, असं म्हणून मी दोन-तीन वेळा झोपायचा प्रयत्न केलाय. पण मग खडप कसं सापडलं? फक्त खाचेकडे तोंड करून ते सापडत नाही, त्या खाचेत काहीतरी बसवावं लागतं. मी काय बसवलं होतं? मला उत्तर माहीत नाही. आता शोधायचाही कंटाळा आलाय. कुणी विचारलं तर मी "ऊन लागलं होतं" म्हणून मोकळा होतो.

पण त्या संध्याकाळचं एवढं सांगायचं राहिलं. आम्ही परतलो तेव्हा करंज्याचा माणूस जेटीवर चहा पीत बसला होता. नाना आधार न घेता उतरले, हेकरू खांद्यावर टाकून त्याच्यासमोर उभे राहिले आणि मागे वळून मोठ्याने म्हणाले, "सांग गो बाय याला! होडी इकतेस का?"

सगळी जेटी बघायला लागली. वनिताने होडीकडे बघितलं. मग माझ्याकडे बघितलं, मग लांब त्या डोंगराच्या दिशेला. आणि मग दिवसभर तोंडात धरून ठेवलेलं सगळं एकदम बाहेर पडलं –

"नाय इकत! पन नाना, तुमाला देवाची आन हाय, पुडच्या टायमाला चिमनी सोडून खडपाची खून दुसरी धरा!"