ईशान्येचं वर्तुळ

मी संशयी आहे. कोथिंबिरीची जुडीसुद्धा सोडून बघितल्याशिवाय घेत नाही. त्यामुळे रिटायर झाल्यावर घर बांधायला म्हणून टेक्सासमधल्या एका रँचचा तुकडा नवऱ्याला पसंत पडला, तेव्हा मी आधी तिथले जुने नकाशे काढले. ऑफिसात माझं कामच ते, जुने टोपो, म्हणजे चढउतार, रस्ते, विहिरी दाखवणारे नकाशे स्कॅन करून नव्यांवर बसवायचं.

जुन्या नकाशात आमच्या तुकड्याच्या ईशान्य कोपऱ्यात एक बारीक वर्तुळ होतं, विहिरीची खूण. नव्या नकाशात तिथे नुसतं गवत.

नवरा खूश झाला. "ईशान्येला विहीर! वास्तूत याहून चांगलं काय असणार? भूमिपूजन तिथेच करू."

"मग ती गेली कुठे?"

"बुजवली असेल यार. तू सगळ्यातच डाउट घेतेस."

पण त्या वर्तुळापर्यंत ट्रकचा रस्ता दाखवला होता. पाण्याच्या विहिरीला ट्रक कशाला? आजूबाजूच्या रँचवर गॅसच्या विहिरी होत्या, हे मला माहीत होतं. मी रँचवाल्या म्हाताऱ्याला विचारलं. ओठातली सिगरेट न काढता तो गोड हसला. म्हणाला, तिथे कधीच काही नव्हतं. गोगलगाय अन् पोटात पाय! कुठेतरी पाणी मुरत होतं, पण नवऱ्यापुढे माझं चालेना.

खरेदीच्या सह्या सोमवारी होणार होत्या, मुहूर्त मात्र शनिवारचा निघाला. म्हाताऱ्याने पूजेला आनंदाने परवानगी दिली. आम्ही पाट मांडला तेव्हा तो फाटकाशी उभा राहून नवी सिगरेट पेटवत होता.

नवऱ्याने नारळ फोडला, कुदळ मारली. तिसऱ्या घावाला खण्णकन आवाज आला. मातीतून गंजका लोखंडी पाइप डोकावला आणि शिट्टी व्हायच्या आधी कुकर करतो तसली बारीक फुसफुस ऐकू येऊ लागली.

"बघ, विहिरीचाच पाइप," म्हणत नवऱ्याने आरतीसाठी काडेपेटी उचलली.

मी त्याचा हात धरला. "कापूर लावायचा नाही."

"अगं, मुहूर्त टळेल."

"टळू दे."

मी घाबरले होते. काडेपेटी त्याच्या हातातून ओढून घेतली आणि सोडली नाही. मग फाटकाकडे बघितलं. म्हातारा नुकतीच पेटवलेली सिगरेट बुटाखाली चिरडत होता आणि आमच्यावरची नजर न काढता एकेक पाऊल मागे सरकत होता.