जोडीचं नाव
कॉलेजात असताना मी आणि माझा मित्र जोडीनं नकला करायचो. शहरातल्या द्वारका चौकाजवळच्या गणेश मंडळात आमचा पहिला कार्यक्रम होता. पडद्यामागे मंडळाचे अध्यक्ष म्हणाले, "जोडीला नाव नाय? 'गोऱ्या-काळ्या' पुकारतो. पब्लिक लय हसंल."

काळा मी, हरसूलकडच्या पाड्यावरचा. मान खाली गेली; पण कार्यक्रम हातचा जाईल म्हणून गप्प राहिलो.

मित्र म्हणाला, "भाऊ, आमची आडनावं पुकारा. याचं आधी. नाहीतर आम्ही निघतो."

"लय भाव खातो रे!" अध्यक्ष त्याच्याकडे रोखून पाहत राहिले. बाहेर शिट्ट्या वाढल्या, तसे ते माइककडे गेले.

आमच्या घराण्याचं आडनाव मी पहिल्यांदाच माइकवरून ऐकलं आणि पहिलं वाक्यच विसरलो. तेही मित्रानंच हळूच सांगितलं.