मी काढून टाकलेला लाल दिवा

गाडीच्या डॅशबोर्डवरचा एक लाल दिवा मी स्वतःच्या हातानं काढून टाकला आणि त्यानंतरचे पाच-सहा आठवडे फार सुखात गेले. माझ्या मूर्खपणाच्या यादीत नग पुष्कळ आहेत, आणि बाकीचे मी लग्नाकार्यात लोकांना हसवायला सांगतो. हा सांगताना मध्येच थांबून पाणी प्यावं लागतं.

दोन हजार चार-पाचची गोष्ट. गोंदियाला लागून असलेल्या मुर्रीत आमच्या गल्लीत चारचाकी माझ्या एकट्याकडं. पेट्रोलची, जुनी, माझ्याआधी दोघांनी वापरून सोडलेली, पण धुतली की चमकायची. तिच्यात बॅटरीचं चित्र असलेला एक लाल दिवा होता. चावी फिरवली की लागे, इंजिन सुरू झालं की विझे. तसंच व्हायला पाहिजे. पुढं मात्र तो इंजिन चालू असतानाही मिणमिणायला लागला. ठळक नाही, राखेखाली निखारा असावा तसा. दिवसा लक्षातही यायचं नाही. दिवेलागणीला मात्र स्टिअरिंगमागून कुणीतरी एक डोळा किलकिला करून आपल्याकडं बघतंय असं वाटे.

गोंदियात बाजाराच्या मागं एक ऑटो इलेक्ट्रिशियन बसे. त्यानं डोकं आत घालून पाहिलं आणि म्हणाला, "भैया, डायनमो खोलना पड़ेगा. दो दिन गाड़ी छोड़ दो."

दोन दिवस गाडी सोडायची म्हणजे दोन दिवस सायकलवर हिंडायचं, गल्लीच्या डोळ्यांदेखत. मी म्हटलं, "बत्ती ही तो जल रही है, और क्या."

तो हसला नाही. "बत्ती कुछ बोल रही है, इसलिए जल रही है."

घरी येऊन मी चार स्क्रू काढले, मीटर पुढं ओढला आणि मागून तो बल्ब फिरवून काढून घेतला. बोटाच्या पेराएवढाही नव्हता. बायकोला अभिमानानं दाखवला. ती म्हणाली, "ताप आला का थर्मामीटर फोडता का तुमी?" मला वाटलं, हिला मशीनमधलं काय कळतं.

तिला नाही, मलाच कळत नव्हतं. तो दिवा नुसता सांगायला बसवलेला नव्हता. त्याच्यातून जाणाऱ्या चिमूटभर करंटवरच डायनमो जागा होतो आणि मग बॅटरी भरतो. बल्ब काढून मी डायनमोला उठवणाराच काढून टाकला होता. जोरात रेस दिली तर एखाद्या दिवशी तो आपसूक जागा होई. बाकीचे दिवस झोपून राही, आणि बॅटरीत उरलंसुरलं असेल त्यावर गाडी पळे.

हॉर्न घोगरा झाला. हेडलाइट पिवळे पडले. सकाळी सेल्फ मारला की इंजिन कण्हत उठे. मी हॉर्नसाठी धुळीला दोष दिला, हेडलाइटसाठी काचेला आणि सेल्फसाठी थंडीला. थंडी अजून पडायची होती.

दिवाळी झाली, धानाची कापणी सुरू झाली, आणि आम्ही दोघं सासुरवाडीला निघालो. गाव गोरेगावच्या पुढं. सासऱ्यांना मी मामाजी म्हणतो. त्यांचा जन्म राईस मिलमध्ये इंजिनं आणि मोटारी सांभाळण्यात गेला. आवाजावरून बिघाड सांगणारा माणूस. पण आमच्याकडं जावई म्हणजे जावई. त्याला कुणी चूक म्हणत नाही, त्याच्या वस्तूला हात लावत नाही, त्याचं जेवण होईपर्यंत घरातलं कोणी मोठ्यानं बोलतसुद्धा नाही. मला ही पद्धत फार आवडायची.

मी नवे स्पीकर बसवले होते. अंगणात गाडी लावल्यावर मामाजींना शेजारच्या सीटवर बसवलं, इंजिन बंद करून पुन्हा चावी फिरवली आणि टेप सुरू केला. ते गाणं ऐकत नव्हते. डॅशबोर्डकडं वाकून बघत होते.

"गाडी बरी आहे ना, जवाईबापू?"

"एकदम फर्स्टक्लास."

ते माझ्याकडं पाहत राहिले, मग उतरून घरात गेले. मी टेप तसाच चालू ठेवून जेवायला बसलो. शेजारपाजाऱ्यांनीही ऐकावं म्हणून.

हात धुऊन आलो तेव्हा मामाजी भिंतीला टेकून बसले होते. चेहरा मातकट, सदरा घामानं चिकटलेला. बायको त्यांच्यापुढं उकिडवी बसली होती. "बाबा, छातीत दुखून राहिलं का?" त्यांनी मान डोलावली. वाटेत गोरेगावच्या डॉक्टरांनी गाडीतच नाडी पाहिली, एक गोळी जिभेखाली ठेवली आणि म्हणाले, इथं थांबू नका, थेट गोंदियाला न्या.

गाडी त्या दिवशी कशी सुरू झाली, मला अजून कळलेलं नाही. मामाजी मागच्या सीटवर बायकोच्या मांडीवर डोकं ठेवून होते. गोरेगाव सुटलं. दोन्हीकडं कापलेल्या धानाच्या ओळी, शेतांत माणसं, लख्ख ऊन. हॉर्न दाबला तर आवाजच आला नाही. मग रेल्वेचं फाटक लागलं. बंद होतं. आणि मी, सवयीप्रमाणं, पेट्रोल वाचवायला इंजिन बंद केलं.

मालगाडी गेली. फाटक उघडलं. मी चावी फिरवली. टक्. पुन्हा फिरवली. टक्.

मागचे मोटारसायकलवाले उतरले. एक धोतरवाला आत डोकावला. "बंद कायले केली गा?" सगळ्यांनी मिळून दोनदा धक्का दिला, गाडी दोनदा खोकली आणि थांबली. बायको म्हणाली, "काही तरी करा." ती रडत नव्हती. त्याचीच मला जास्त भीती वाटली.

मागून मामाजींचा आवाज आला. डोळे मिटलेलेच. "चाबी फिरवल्यावर लाल दिवा काऊन नाही लागत?"

"बल्ब काढून टाकला, मामाजी."

"कायले?"

"डोळ्यात खुपत होता."

"मले अंगणातच दिसलं होतं."

"मग बोलले काऊन नाही?"

"जवायाले कोन बोले?"

मग एकेक वाक्य, मध्ये दम घेत. मागच्या नंबरप्लेटवरचा बल्ब होल्डरसकट काढा. स्पीकरची तार तोडा. डायनमोच्या मागं एक बारकी तार आहे, ती सोडा आणि तिथं बल्बचं एक टोक लावा. दुसरं टोक बॅटरीच्या प्लसला. धोतरवाल्यानं तार दातांनी सोलून दिली. माझ्या हातून स्क्रू दोनदा रस्त्यावर पडला.

"पेटला का?"

"पेटला. मंद आहे."

"म्हंजे डायनमो मेला नाही. आता धक्का मारा. टेप, पंखा, सारं बंद."

सहा जणांनी ढकललं. इंजिन थरथरलं, विझायला आलं आणि धरलं. मी रेस दिली. उघड्या बॉनेटजवळ उभा असलेला धोतरवाला ओरडून म्हणाला, "दिवा विझला."

बायकोनं ते मामाजींच्या कानाशी सांगितलं. ते म्हणाले, "मंग चाला."

फाटकावर आमची वीसेक मिनिटं तरी गेली असतील. पुढचा सगळा रस्ता मी इंजिनाचा आवाज ऐकत होतो आणि बायको बापाचा श्वास.

दवाखान्यात ईसीजीची पट्टी काढली, सुया टोचल्या. डॉक्टरनं विचारलं, "दुखायला कधी लागलं?"

मला वाटलं जेवणानंतर. मामाजी म्हणाले, "सकाळी. नऊ-दहा वाजता."

"आता तीन वाजतात. इतका वेळ काय करत होते?"

मामाजींनी माझ्याकडं पाहिलं नाही. "जवाई येनार होते. मंग आले. मंग जेवून राहिले होते."

डॉक्टरनं पेन थांबवलं, माझ्याकडं एकदा बघितलं, आणि पुन्हा लिहायला लागला.

मामाजी वाचले. हृदयाचा जो भाग गेला तो मात्र गेलाच. पुढं काही वर्षं आम्ही कापणीला गेलो की ते मला शेत दाखवायला नेत. ते पुढं, मी मागं. बांधावर चालता चालता ते मध्येच थांबत, छातीला हात न लावता, नुसते दूर कुठंतरी बघत.

"दुखून राहिलं का, मामाजी?"

"नाही, जवाईबापू. तुमी चाला पुढं."

मी जात नसे. ते पाऊल टाकेपर्यंत तिथंच उभा राही.