पुसलेले बारा ठोकळे

विद्यापीठाच्या काँक्रीटच्या लॅबमध्ये संशोधन सहायक म्हणून लागली, तेव्हा आमच्या ठोकळाबाईचं वय होतं एकोणचाळीस. हे नाव नणंदेनं ठेवलेलं. दिवसभर काय करतेस गं, विचारलं तर ही सांगायची, "ठोकळे ओतते, अठ्ठावीस दिवस पाण्यात ठेवते, मग मशीनखाली फोडते." नणंद म्हणाली, "फोडायचेच तर करतेस कशाला?"

हसा खुशाल, पण काम नाजूक. सहा ठोकळे साधे, सहा राख मिसळलेले. कुठले जास्त भार सोसतात ते बघायचं. नोकरी वर्षाच्या कराराची, आणि आता उरले होते वीस दिवस.

अठ्ठाविसाव्या दिवशी तिनं टाकीतून ठोकळे काढले, पुसून उलटेपालटे करून पाहिले. एकावरही नंबर नाही. साचे सोडवले त्या दिवशी रंगाचा डबा वाळलेला निघाला, म्हणून बाईसाहेबांनी फळ्यावर लिहायच्या मार्करनं नंबर टाकले होते. ते पाण्यात कसले टिकतात?

लॅबचे मिस्त्रीकाका मिशीतल्या मिशीत हसले.

"काका, चेष्टा नको. राखेचे जरा काळपट दिसतात ना? रंगावरून लावू का?"

"लाव की. दहा तरी बरोबर येतील."

"आणि दोन?"

"ते कुणाच्या तरी डोक्यावरच्या स्लॅबमध्ये जातील."

झालं. स्टुलावर बसली, दोनदा पाणी प्यायली आणि सरांना फोन लावला. सर म्हणजे एक आकडा वाकडा दिसला तर अख्खा कागद परत पाठवणारे.

"सर, घोळ घातलाय. मीच."

सरांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "पुन्हा ओता."

"पण सर, माझे वीसच दिवस..."

"मी ठोकळ्यांचं सांगतोय." फोन बंद.

रात्री तिनं ताट बाजूला सारलं. नोकरी गेल्यातच जमा. सासूबाईंनी ताट पुढे सरकवलं. "खोटं लिहून आलेली नाहीस ना? मग जेव."

दुसऱ्या दिवशी काका स्वतःहून रंगाचा नवा डबा घेऊन हजर. पाठ धरलेली असताना तिच्याबरोबर बाराच्या बारा ठोकळे ओतले. साचे सोडवल्यावर तिनं प्रत्येकाच्या दोन-दोन बाजूंवर नंबर रंगवले, तर म्हणाले, "आता स्वतःच्या कपाळावरही टाक एक."

करार संपायला दोन दिवस असताना ऑफिसातल्या कारकूनबाईंनी बोलावलं. तीन महिन्यांच्या मुदतवाढीचा कागद. कारणाच्या रकान्यात सरांचं बारीक अक्षर: 'ठोकळे पाण्यात आहेत. शिवाय, चूक झाली तर ती सांगणारं माणूस लॅबला हवं.'

"असलं कारण मी आजवर वाचलं नव्हतं हो," कारकूनबाई म्हणाल्या. "सही करा."

आभार मानायला गेली, तर सरांनी मानही वर केली नाही. "ते राहू द्या. टाकीतलं पाणी उतरलंय, बघा जरा."

गेली, नळ सोडला, आणि सरांना, काकांना, सासूबाईंना मनातल्या मनात हात जोडत तिथेच उभी राहिली. चपला भिजल्या तेव्हा कळलं, टाकी कधीचीच भरून वाहतेय.